सेगेदचा दोम तेर: एका चौकाला अख्खा दिवस कसा द्यावा

हंगेरीला जाणारी आपली माणसं बुडापेस्ट बघतात आणि व्हिएन्नाची गाडी पकडतात. वेळ उरला तर दक्षिणेला सेगेदला एक फेरी मारून येतात. तिथे चर्चसमोर फोटो, आतून एक चक्कर, आइस्क्रीम, परत स्टेशन. पहिल्या खेपेला मीही हेच केलं आणि तेही ऐन जुलैत. तेव्हा अर्धा चौक प्रेक्षकांच्या लोखंडी मचाणांखाली झाकलेला होता. चर्च पाहिलं, पण चौक पाहिलाच नाही. दुसऱ्या खेपेला शहाणपण आलं. त्यातून ही दिवसाची आखणी तयार झाली.

आधी उच्चार. हंगेरियनमध्ये ‘एसझेड’ ही जोडी म्हणजे ‘स’ आणि नुसता ‘एस’ म्हणजे ‘श’, त्यामुळे शहराचं नाव ‘सेगेद’. ‘तेर’ म्हणजे चौक आणि ‘दोम’ म्हणजे कॅथेड्रल. यातले त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून म्हणायचे. इंग्रजी वळणाने ‘डोम’ म्हटलंत तरी लोक समजून घेतात, पण ‘दोम’ म्हणायला आपल्याला कष्ट पडत नाहीत. नदी तिसॉ. तो शेवटचा ‘ऑ’ आपल्या ‘ऑफिस’मधला. नावं लिहिताना ते आडनाव आधी लावतात, शाळेच्या हजेरीपटासारखं. त्यामुळे पाटी वाचताना पहिला शब्द आडनाव समजायचा.

कधी जावं

हा निर्णय सर्वांत आधी घ्या, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. जुलै-ऑगस्टमध्ये या चौकात खुल्या रंगमंचाचा महोत्सव असतो. कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीपुढे रंगमंच उभा राहतो आणि समोर हजारो खुर्च्यांचं प्रेक्षागृह बांधलं जातं. १९३१ साली याची सुरुवात झाली, १९३९ नंतर वीस वर्षं खंड पडला आणि १९५९पासून तो पुन्हा नेमाने होतो. ऑपेरा किंवा संगीत नाटक उघड्या आकाशाखाली, मागे दोन मनोरे, असं बघायचं असेल तर याच दिवसांत या. तिकीट आणि मुक्काम मात्र खूप आधी ठरवून ठेवा. चौक मोकळा बघायचा असेल तर हे दोन महिने टाळा. मांडव उभारायला आणि काढायला वेळ लागतो, तेव्हा जूनचा उत्तरार्धही धरू नका.

माझं मत विचाराल तर एप्रिल-मेचा सुमार किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. सेगेद हे हंगेरीतलं सर्वांत उन्हाळ शहरांपैकी एक, लोक त्याला ‘सूर्यप्रकाशाचं शहर’च म्हणतात. विटांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या चौकात ऑगस्टची दुपार नागपूरकरालाही जाणवेल. डिसेंबरात उलटा प्रकार, चार वाजताच अंधारून येतं.

कसं पोचावं

बुडापेस्टच्या न्युगॉति स्टेशनावरून सेगेदला थेट इंटरसिटी जातात. प्रवास साधारण अडीच तासांचा. तिकीट ‘माव’ या हंगेरियन रेल्वेच्या अ‍ॅपवर काढता येतं. आसनाचं आरक्षण लागतं का, तेही तिथेच बघून घ्या. या मार्गावर दुरुस्तीची कामं निघतात आणि मधल्या टप्प्यात बसने नेतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा तपासायचं.

विमानातून उतरून थेट सेगेद गाठायचं असेल तर शहरात जायचं कारण नाही. विमानतळाच्या टर्मिनल दोनवरून २००ई क्रमांकाची बस फेरिहेज रेल्वे थांब्यापाशी येते आणि सेगेदच्या गाड्या तिथे थांबतात. सामान घेऊन न्युगॉतिपर्यंत जाऊन परत त्याच दिशेने यायचा वळसा वाचतो.

व्हिसाबाबत एक इशारा. हंगेरी शेंगेन या युरोपच्या सामायिक व्हिसाक्षेत्रात आहे, पण सेगेदपासून हाकेच्या अंतरावरचा सर्बिया नाही. सेगेदहून सीमेपलीकडच्या सुबोतित्साला आता रेल्वे जाते आणि ‘एवढं आलोय तर’ असा मोह होतो. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तिकडे गेल्यावर परत येता येणार नाही. चलन फोरिंट आहे, युरो नाही. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. तरी स्वच्छतागृह आणि बाजार यांसाठी खिशात चिल्लर असू द्या.

स्टेशन ते चौक: ट्राम सोडा, चाला

स्टेशनासमोरून १ आणि २ क्रमांकाच्या ट्राम शहरात जातात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर त्याच घ्या आणि अरॉदी वेर्तानूक तेरेला उतरा. पाय धड असतील तर मात्र बोल्दोगॉस्सोन्य नावाच्या रस्त्याने वीसेक मिनिटं सरळ चाला. रस्ता संपतो तिथे एक कमानदार वेस आडवी येते, ‘वीरांची वेस’. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सेगेदच्या सैनिकांसाठी ती १९३७ साली उभारली. कमानीखाली थांबून मान वर करा. विल्मोश ऑबॉ-नोवाक या चित्रकाराने आतून भित्तिचित्रं रंगवली आहेत. ती दुसऱ्या महायुद्धानंतर झाकली गेली आणि अलीकडे पुन्हा उजेडात आणली. या चित्रकाराचं नाव लक्षात ठेवा, दुपारी ते परत भेटणार आहे.

वेशीतून बाहेर आलात की चौक दोन मिनिटांवर आहे. पण लगेच आत शिरू नका.

पहिला टप्पा: आधी नदी

चौकाच्या कडेने तिसॉच्या काठावर जा. इथला काठ म्हणजे उंच भिंत आहे. तिच्यावरून खाली पाणी आणि मागे शहर बघा. आता हे लक्षात घ्या: १२ मार्च १८७९ च्या रात्री उत्तरेकडचा बांध फोडून ही नदी शहरात आली. सेगेदमध्ये तेव्हा ५,७२३ घरं होती. पाणी ओसरलं तेव्हा २६५ उभी होती. मातीच्या कच्च्या विटांची घरं, ती विरघळलीच. पुणेकरांना १२ जुलै १९६१ म्हटलं की पानशेत आठवतं, ‘पुराआधीचं’ आणि ‘पुरानंतरचं’ असं शहराचं आयुष्य विभागलं जातं. सेगेदमध्ये ती रेघ १८७९ ची आहे.

सम्राट फ्रान्झ योझेफ पाहणीला आला आणि ‘सेगेद पूर्वीपेक्षा सुंदर होईल’ असं म्हणाला, असं इथे सगळे सांगतात. राज्यकर्त्यांची अशी वाक्यं बहुधा हवेत विरतात, हे टिकलं. परदेशांतून मदत आली. नवं शहर आखताना वर्तुळाकार हमरस्त्याच्या तुकड्यांना मदत करणाऱ्या शहरांची नावं दिली: रोम, ब्रुसेल्स, पॅरिस, लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, मॉस्को. आणि १८८० साली शहराने नवस बोलला, एक भव्य चर्च बांधू. म्हणून कॅथेड्रलचं रोजच्या बोलण्यातलं नाव ‘नवसाचं चर्च’.

नवस फेडायला पन्नास वर्षं लागली. बांधकाम १९१३ साली सुरू झालं, पण लगेच महायुद्ध आलं. मूळ आराखडा फ्रिद्येश शुलेक यांचा, बुडापेस्टचा मच्छीमार बुरूज ज्यांनी बांधला तेच. पैसा आटल्यावर एर्नो फ्योर्क यांनी आराखडा बदलला आणि दगडाऐवजी वीट आली. २४ ऑक्टोबर १९३० रोजी चर्च लोकांसाठी पवित्र केलं गेलं. विटेची ती काटकसर मला आज उपकारच वाटते. दगडात हे चर्च युरोपातल्या आणखी दहा चर्चसारखं झालं असतं.

दुसरा टप्पा: चौकात शिरणं

आता आत या. मधोमध उभे राहा आणि चर्चकडे पाठ करा. हो, पाठ. तिन्ही बाजूंना गडद विटांच्या, एकसंध, कमानींच्या इमारती आहेत. बेलॉ रेरिख या वास्तुरचनाकाराने १९२८ ते १९३० मध्ये त्या उभ्या केल्या. उत्तर युरोपातल्या वीटकामाची छाप स्पष्ट दिसते. चौकाचं क्षेत्रफळ सुमारे १२,००० चौरस मीटर. व्हेनिसच्या सान मार्को चौकाएवढंच, असं सेगेदकर न विचारताही सांगतात.

या इमारती का उभ्या राहिल्या हे कळल्याशिवाय चौक कळत नाही. पहिल्या महायुद्धानंतर त्रियानोंच्या तहात हंगेरीने जुन्या राज्याचा मोठा भाग गमावला. कोलोज्वार शहर रुमानियात गेलं आणि तिथलं विद्यापीठ १९२१ साली सेगेदला आलं. तेमेश्वारही गेलं, तेव्हा तिथल्या बिशपचं पीठ १९२३ मध्ये इथे हललं. म्हणजे एका बाजूला बेघर विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला बेघर बिशप आणि मध्ये पन्नास वर्षांचा थकलेला नवस. शिक्षणमंत्री कुनो क्लेबेल्सबर्ग यांनी हे तिन्ही एका चौकात आणून बसवले. कॅथेड्रलसमोर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा असलेला चौक मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणि त्या प्रयोगशाळा साध्यासुध्या नव्हत्या. आल्बेर्त सेंत-ज्योर्जी इथेच काम करत होते. क जीवनसत्त्व त्यांनी पुरेशा प्रमाणात वेगळं काढलं ते सेगेदच्या पाप्रिका मिरचीतून. ते स्वतः गंमत सांगत: बायकोने रात्रीच्या जेवणाला मिरच्या वाढल्या, खायची इच्छा नव्हती, तेव्हा बहाणा करून त्या प्रयोगशाळेत नेल्या. १९३७ साली नोबेल मिळालं. ताटातलं नको असेल तर एवढं तरी करावं!

तिसरा टप्पा: कमानींखालून फेरी

आता कमानींखालच्या ओवरीतून कडेकडेने चाला. भिंतीत अर्धपुतळे आणि उठावशिल्पं बसवली आहेत. हे १९३० मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय स्मृतिदालन. लेखक, शास्त्रज्ञ, संगीतकार, राजे, सेनापती, साधारण शंभर मंडळी. सगळी नावं वाचायला जाऊ नका, तिसाव्या नावाला डोकं गरगरेल. मी पुतळ्यांची शैली बघत जातो. कुठे गुळगुळीत राजेशाही थाट, कुठे खडबडीत आधुनिक हात. कुणाला वगळलंय तेही बघा. बहुतेक सगळे पुरुष आहेत.

ही फेरी सकाळी साडेअकराच्या सुमारास सुरू करा. कारण सव्वाबाराला तुम्ही चौकात, चर्चच्या बरोबर समोरच्या इमारतीखाली हजर असायला हवं.

चौथा टप्पा: सव्वाबाराचं घड्याळ

तिथे वर संगीत वाजवणारं घड्याळ आहे, हंगेरियनमध्ये ‘जेनेलो ओरॉ’. दुपारी १२:१५ आणि संध्याकाळी ५:४५ ला ते सुरू होतं. महोत्सवाच्या दिवसांत रात्रीही एक फेरी असते. दारं उघडतात आणि जुन्या विद्यापीठाच्या पोशाखातल्या लाकडी बाहुल्या बाहेर पडून फिरतात. प्रसंग आहे पदवी घेऊन निघालेल्या विद्यार्थ्यांच्या निरोपाचा. १९३६ साली किश्कुनफेलेजहाजॉच्या फेरेन्त्स चूरी या घड्याळजीने यंत्र बनवलं आणि योझेफ कुलॉई यांनी बाहुल्या कोरल्या. तुमची गाडी येताना ते किश्कुनफेलेजहाजॉ स्टेशन लागून गेलेलं असतं.

मोबाइल उंच धरून उभं राहण्याआधी एकदा नुसतं बघा. यंत्र थोडं करकरतं, बाहुल्या दचकत-अडखळत सरकतात, आणि आजूबाजूची पोरं-म्हातारी सगळी एकाच दिशेला माना वर करून थांबलेली असतात. मला घड्याळापेक्षा तेच बघायला आवडतं.

पाचवा टप्पा: जेवण

मासे खात असाल तर निर्णय सोपा: हॉलासले, म्हणजे मच्छीमारांचं सूप. सेगेदच्या पद्धतीत लहान मासे कांद्यासह शिजवून, गाळून दाट रस्सा करतात, त्यात पाप्रिका आणि मग कार्प किंवा कॅटफिशचे तुकडे. बॉयॉ या दुसऱ्या गावच्या सुपात शेवया घालतात. दोन्ही गावांचा यावरून वाद आहे, त्यात पडू नका. रंग बघून मालवणी रश्श्याची आशा धराल, पण नारळ नाही, कोकम नाही. तिखट हवं असेल तर वेगळी हिरवी किंवा लाल मिरची मागायची. काट्यांची सवय आपल्याला असतेच.

शाकाहारी मंडळींनी मात्र नीट विचारून खायचं. ‘हूश नेल्क्यूल’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. चीज-शेवयांच्या तुरोश चुसॉवर डुकराच्या चरबीचे तुकडे हमखास असतात, तिथे ‘सॉलोन्नॉ नेल्क्यूल’ म्हणा. राँतोत शॉय्त हे तळलेलं चीज बिनधोक असतं. लाँगोश ही तळलेली मोठी पुरीही चालेल. फोजेलेक हा भाज्यांचा दाट प्रकार बिनमांसाचा मिळू शकतो, पण विचारूनच.

सहावा टप्पा: चर्चच्या आत

दुपारी दोननंतर आत जा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटक म्हणून फिरू नका. खांदे झाकलेले असावेत, टोपी काढायची, इतपत पुरे. तळघर आणि मनोरा यांना तिकीट असतं, त्यांच्या वेळा बदलतात, दारावरची पाटी बघून क्रम ठरवा. ‘न्यित्वॉ’ म्हणजे उघडं, ‘जार्वॉ’ म्हणजे बंद.

दारातून शिरण्याआधी दोन मनोऱ्यांमधली बारा शिष्यांची मोझेक चित्रं वर पाहून घ्या. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. मग वेदीकडे जा आणि वरच्या घुमटात मेरी शोधा. ती राणीच्या झग्यात नाही. तिच्या अंगावर गुराख्यांचा नक्षीदार अंगरखा आहे, आणि पायांत सेगेदच्या भरतकामाच्या सपाता. या सपातांना हंगेरियन शब्द आहे ‘पॉपुच’. तो तुर्कीतून गेला, तुर्कीत फारसीतून आला. तोच फारसी शब्द आपल्याकडे पायपोस झाला, ज्याच्यावरून ‘कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही’ म्हणतो. हंगेरीच्या देवमातेच्या पायांत पायपोस! एवढ्यासाठीही मी इथे परत येईन.

यानोश फॉद्रुस यांचा क्रुसावरचा येशू चुकवू नका. देहाचा ताण इतका खरा की जवळ गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो. ऑर्गन पेचच्या आँगस्टर कारखान्याचा, ९,००० हून अधिक नळ्यांचा. कार्यक्रमाची पाटी दिसली आणि वेळ जुळली तर दिवसाची आखणी मोडून थांबा.

तळघराला ‘ऑल्तेम्प्लोम’ म्हणतात. तिथे चर्चच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे. क्लेबेल्सबर्ग १९३२ साली वारले, त्यांना चर्चच्या भूमीत पुरलं आहे. स्वतः उभारलेल्या चौकाच्या कडेला चिरविश्रांती किती मंत्र्यांच्या वाट्याला येते?

सातवा टप्पा: मनोरा, पण आधी छोटा

बाहेर येऊन चर्चसमोर एकटाच उभा असलेला जुना बुटका मनोरा बघा. हा दोमोतोर मनोरा, शहरातली सर्वांत जुनी उभी वास्तू. खाली चौकोनी, वर अष्टकोनी. इथलं जुनं चर्च पाडताना बारोक भिंतींच्या आत हा मध्ययुगीन मनोरा सापडला. वेळेवर लक्षात आलं म्हणून वाचला. दारावरची दगडी मेंढी त्याहूनही जुन्या काळातली मानतात. आतल्या भिंतींवर पुन्हा ऑबॉ-नोवाक.

मग मोठा मनोरा. दोन्ही ९१ मीटर उंच आहेत, त्यातल्या एकातून वर चढू देतात. गुडघ्यांचा विचार करून ठरवा, पायऱ्या भरपूर आहेत. पण आखणीत हा टप्पा शेवटी मुद्दाम ठेवला आहे. सकाळी ऐकलेलं शहर आता वरून कळतं: नदीपासून निघणारे किरणांसारखे रस्ते, त्यांना जोडणारी वर्तुळं, रोमपासून मॉस्कोपर्यंत. आणि त्यापलीकडे सपाट मैदान, क्षितिजापर्यंत एक टेकडी नाही. पाण्याला अडवायला इथे काहीच नव्हतं, हे इथून एका नजरेत दिसतं.

उरलेला वेळ

कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला अठराव्या शतकातलं सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च आहे, छोटंसं. उघडं सापडलं तर प्रतिमांची भिंत बघाच. कारास रस्त्यावरून पायी फिरता येतं आणि दहा-पंधरा मिनिटांवर १९०३ चं नवं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. जुन्या सिनेगॉगच्या भिंतीवर १८७९ चं पाणी कुठवर चढलं याची खूण आहे. तिथे उभं राहून स्वतःची उंची जोखून बघा. पाप्रिकाची भुकटी घ्यायची असेल तर मार्स तेरच्या मंडईत घ्या. ‘एदेश’ म्हणजे गोड आणि ‘चीपोश’ म्हणजे तिखट, पुडा उचलण्याआधी तेवढं वाचा.

शक्य असेल तर रात्रीचा मुक्काम करा. पावणेसहाचं घड्याळ दुसऱ्यांदा बघा, आणि मग दिवसाच्या सहलीवाले स्टेशनाकडे निघाल्यावर चौकातच बसा. विद्यार्थी सायकली ढकलत कमानींखालून जातात, कुणीतरी पायरीवर बसून वही चाळत असतं, विटा तांबूस होत होत काळ्या पडतात. मनोऱ्यांवर दिवे लागले की उठा आणि जेवायला जा. उशीर केलात तर स्वयंपाकघरं बंद होतात.